अवेळची भूक

नाशिक, ता. ९ सप्टेंबर १९३६

वहिनी,

पत्राच्या वर जे लिहायचं असतं ते चौथीत मास्तरांनी दोनदा पाठ करून घेतलं आणि दोन्ही वेळा मी विसरलो, म्हणून सरळ सुरू करतो. वडीलधाऱ्यांना 'आपण' लिहावं असंही सांगितलं होतं. पण तुला आपण म्हटलं की मामलेदाराला अर्ज करतोय असं वाटतं. तेव्हा तूच.

तुझं कार्ड पोचलं. अक्षर वाल्मीकभाऊंचं, पण मला ऐकू आलीस तू. (वाल्मीकभाऊ, हे तुम्हीच तिला वाचून दाखवणार, तर मधे थांबून माझं शुद्धलेखन काढू नका. तुम्ही शाळामास्तर आहात हे गावाला ठाऊक आहे.)

तू विचारलंस ते मी चारदा वाचलं. गेल्या कार्तिकात सोळा सोमवारांचं उद्यापन केलंस, मी घरी होतो, गाडीत तुझ्याशेजारी बसून सिन्नरला गोंदेश्वराच्या देवळात आलो होतो, तर तुझ्या हातून काय चुकलं ते मला दिसलं का. दिवस राहिले आणि सातव्या महिन्यात, आषाढात, पोर गेलं, म्हणजे व्रतात कुठंतरी खोट राहिली. दिवा विझला होता का? तू नकळत पाणी प्यालीस का? विटाळाची बाई शिवली का?

मला काही दिसलं नाही. दिवा नीट होता. पाणी तू प्याली नाहीस, तुझे ओठ सुकून पांढरे पडले होते ते मला आठवतं. तुझं काही चुकलेलं नाही, हे मी लिहून देतो.

आणि श्रावणातल्या शेवटच्या सोमवारापासून तू पुन्हा सोळा धरलेस ते ठीक, पण गुरुवार कशाला? सोमवारात खोट सापडत नाही म्हणून गुरुवार, हा कुठला हिशेब? बाळंतपणाचं शरीर, त्यात बाळ नाही. गुरुवार सोड.

मी अजून खाजाभाईंच्या पावभट्टीवरच आहे. मधे एका तंबूच्या सिनेमावाल्याबरोबर येवल्यापर्यंत गेलो होतो, त्याचा पडदा वाऱ्यानं फाटला, त्याची गोष्ट मोठी आहे, पण ती राहू दे. भट्टीचं काम उलटं असतं. दिवस मावळला की पीठ मळायचं, रात्री भट्टी पेटवायची, पहाटे पाव टोपल्यांत, आणि जग उठलं की आपण पडायचं. अडीच वर्षं झाली. दिवसा झोप म्हणजे तुकडे. टांगा गेला की तुकडा, भांडेवाली ओरडली की तुकडा. रात्री मात्र कचेरीवर दोनचे टोले पडले की मला भूक लागते. साधी नाही. भाकरी समोर ठेवली तर बघवत नाही. गोड पाहिजे, तूप पाहिजे, तळलेलं पाहिजे. मोडक्या नानकटाया खातो, बटर खातो, कढईच्या तळाचं खातो. दुपारी खाजाभाईंची आई, खातूनबी, जेवायला हाक मारते तेव्हा घास मातीसारखा लागतो. (हे दादाला वाचून दाखवू नका, पोर बाटलं म्हणेल.) पोट पुढे आलंय आणि हातपाय काटक्या. खाजाभाई म्हणतात, "तेरे पेट में सूरज निकलता है तब दुनिया में रात रहती है."

घरी का येत नाही म्हणतेस. काम असतं.

गुरुवार सोड.

गोरख


पिंपळगाव बसवंत, ता. २९ सप्टेंबर १९३६

वहिनी,

तू विचारलंस, "लिहून देतोस म्हणजे तुला काय देव भेटला होता?" वाल्मीकभाऊंनी ते अवतरणात टाकलंय, मी एकटाच मोठ्यानं हसलो. मग खाली वाचलं की चतुर्थीही धरलीस.

वहिनी, बोटं मोजून बघ, तुझे जेवायचे दिवस किती उरले.

वरचा पत्ता ऐकून चकित झाली असशील. मी पावभट्टी सोडली. कुणी काढलं नाही, मीच. मला माझी झोप सुलटी करायची आहे. का ते विचारू नकोस. एक काम आहे, ते मी असा असताना करता येत नाही. बरा झालो की करेन, मग घरी येईन, दादापुढे उभा राहीन. म्हणून इथे आग्रा रोडवर मालमोटारींत कांद्याच्या गोण्या चढवतो. सूर्य उगवताना सुरू, मावळताना बंद. मला वाटलं, दिवसा हाडं मोडली की रात्री मुकाट झोपेन.

झोपतो. पडल्या पडल्या झोपतो. पण इथे कचेरी नाही, टोले नाहीत, तरी माझ्या पोटात कोणीतरी दोन वाजवतो. पाणी पितो. कूस बदलतो. भुकेशी भांडत उजाडतं. आणि गंमत बघ, ज्या रात्री झोप कमी त्या दिवशी भूक दुप्पट, आणि तीही भजी दिसली की. झोप झाली की भाकरीसुद्धा गोड लागते, ती एकच दिवस लागली. हे मी सोळा दिवस ध्यानात ठेवून बघितलं.

आता एक सांगतो, हसू नकोस, किंवा हस. आमच्या टोळीत पुंजा म्हणून निफाडकडचा गडी आहे. त्याच्या आईनं डिंकाचे लाडू पाठवले होते, पत्र्याच्या डब्यात, कडी लावून. शुक्रवारी मला जाग आली ती कुणीतरी दंड धरला म्हणून. तोंडात लाडू. अर्धा आत, अर्धा बाहेर.

"काय रं," पुंजा म्हणाला, "घूस हायेस का माणूस?"

"मी झोपेत होतो रे."

"झोपंत? मंग कडी कशी उघडली झोपंत?"

सगळी टोळी उठून बसली. एक जण म्हणाला, "झोपंत लाडूच सापडतो बरा याला, झोपंत गोणी नाय उचलत कधी!" तेव्हापासून माझं नाव घूस. मुकादमसुद्धा 'ए घूस' म्हणतो. पुंजानं नंतर उरलेले लाडू सगळ्यांना वाटले आणि मलाही एक दिला. तो मला गिळवला नाही. म्हणजे दिवसा गिळवला नाही.

खरं म्हणजे कडी मी कशी उघडली ते मलाही कळत नाही. हात माझे, पण रात्री ते मला विचारत नाहीत.

इथे द्राक्षाचे मांडव फार सुंदर दिसतात. एका म्हाताऱ्यानं मला वेल कसा छाटतात ते अर्धा दिवस दाखवलं, मी काम सोडून बघत बसलो, त्याबद्दल बोलणी खाल्ली. पण ते राहू दे.

चतुर्थी सोड. तुझं नाव नवसाबाई ठेवलं म्हणून सगळे नवस तूच फेडले पाहिजेत असं नाही.

गोरख


नाशिक, ता. २१ ऑक्टोबर १९३६

वहिनी,

मी परत भट्टीवर आलो. पिंपळगावात घूस होऊन राहण्यापेक्षा इथे बरं. खाजाभाईंनी विचारलं नाही, पाट पुढे सरकवला आणि म्हणाले, "हात धो."

वाल्मीकभाऊंचं कार्ड मिळालं, त्यांनी तुला न विचारता लिहिलेलं. (भाऊ, तिला आता कळलंच. रागवेल तर रागवू दे.) त्यात लिहिलंय की तू घट बसल्यापासून नऊ दिवसांचे कडक उपास धरलेस आणि दुसऱ्याच दिवशी आडावर घागर घेऊन खाली बसलीस ती उठवेना. भागीबाई सुईण म्हणाली, "हिच्या अंगात रगत नाय राह्यलं. पुढचं पोर ऱ्हाऊ द्या, हीच ऱ्हायाची नाय." आणि दादा म्हणाला, "बायको देवाची झाली. माझ्या घरात निसती वस्तीला असती." दादा असं कधी बोलला नव्हता. दादा तर बैलाशी बोलतो तेवढंच माणसाशी बोलतो.

मी त्या दिवशी पीठ मळताना मीठ दोनदा टाकलं.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो. माझ्यासाठी. डॉक्टर तरुण आहेत, चष्मा पुसत बोलतात.

"रात्री काय करतोस?"

"भट्टीवर असतो."

"किती दिवस?"

"अडीच वर्षं."

"अरे, पोटालाही घड्याळ असतं. तुझ्या घड्याळात दिवसाची रात्र झालीये. अडीच वर्षं उलटी किल्ली दिलीस, आणि महिन्यात सुलटं मागतोस?"

"औषध द्या ना साहेब."

"उन्हात राहा. अंधार पडला की झोप. जेवण रोज एकाच वेळी. आणि रात्री जाग आली तरी खाऊ नकोस."

"साहेब, खाल्ल्याशिवाय राहवत नाही हाच तर रोग आहे. 'खाऊ नकोस' हे औषध कसं?"

ते हसले. मग हसायचे थांबले आणि म्हणाले, "खरं आहे." गुलाबी पाण्याची बाटली दिली. गोड आहे. रात्री दोनला तीही संपली.

नंतर मी स्वतःचा उपाय केला. पाय सुंभानं खाटेला बांधला आणि गाठीत घुंगरू अडकवलं, म्हणजे उठलो की वाजेल. वाजलं. खातूनबी उठून आली तर मी खाट ओढत ओढत फडताळापर्यंत गेलेलो. तिनं सुंभ सोडला आणि म्हणाली, "खाट का क्या कसूर है बेटा?"

वहिनी, एक विचारू? सहज विचारतो. इथे गल्लीत एका बाईचं असं झालं. तिच्या व्रतात चूक झाली, पण ती तिची नव्हती, घरातल्या दुसऱ्या माणसाची होती, आणि तिला ते माहीत नाही. तर दोष कुणाला लागतो? ती बिचारी आपलीच चूक शोधत बसली आहे. तू अशा गोष्टी जाणतेस म्हणून विचारतो.

दसऱ्याला तरी जेव. दादाच्या हातून सोनं घेशील तेव्हा दोन घास खा.

गोरख


नाशिक, ता. २५ नोव्हेंबर १९३६

वाल्मीकभाऊ, आधी तुम्ही. दादा ओट्यावर असेल तर हे पत्र खिशात ठेवा आणि पावसापाण्याचं बोला. वहिनी एकटी असेल तेव्हाच वाचा. आणि वहिनी, तू बसून ऐक, भिंतीला टेकून.

त्या गल्लीतल्या बाईबद्दल तू जे सांगितलंस ते मी महिनाभर खिशात घेऊन हिंडतोय. "दोष कुणाला ते देव बघेल. पण ज्याच्या हातून झालं त्यानं एकदा तिला सांगावं. ती बिचारी शोधायची तरी थांबेल." कार्ड घामानं फाटलंय.

उत्तर द्यायला महिना लावला, कारण मला आधी बरं व्हायचं होतं. बरा होऊन सांगितलं असतं तर म्हणता आलं असतं, तेव्हाचा गोरख वेगळा होता, आता बघ. आता कळलं, तसं होणार नाही. तू त्याआधी संपशील. वाल्मीकभाऊ लिहितात की एकादशीही धरलीस.

इथे रमजान सुरू आहे. मला वाटलं होतं या महिन्यात मी सुखात असेन. सगळी गल्ली पहाटे अंधारात उठते, चुली पेटतात, बायका एकमेकींना हाका मारतात, आणि सगळे जेवतात. अडीच वर्षांत पहिल्यांदा मी अंधारात चारचौघांत बसून खाल्लं, चोरून नाही. खातूनबीनं वाढलं. पहिले चार दिवस मला इतकं बरं वाटलं की मी एका मुलाला पतंग करून दिला, त्याची शेपटी मात्र, असो.

पाचव्या दिवशी खातूनबी लवकर उठली. मी दोनलाच फडताळाशी बसलो होतो, पुढ्यात शेवया. ती ओरडली नाही. शेजारी बसली.

"हम खाते हैं सबेरे के रोजे के वास्ते," ती म्हणाली. "तू काहे के वास्ते खाता है?"

मी म्हणालो, "मी झोपेत होतो अम्मा. भुलून खाल्लं."

"भूल से खाया तो हमारा भी रोजा नहीं टूटता," ती म्हणाली. "अल्ला ने खिलाया बोलते. मगर याद आने के बाद दूसरा निवाला लिया ना, तो टूटा."

वहिनी, तेव्हा मी शेवया खाली ठेवल्या आणि बाहेर जाऊन बसलो.

आता ऐक. उद्यापनाच्या आदल्या रात्री तू चुरमा करून ठेवलास. पहाटे गाडी जुंपायची होती म्हणून रात्रीच केलास. पाच शेर कणीक भाजलीस, तूप, गूळ, वर खोबरं. सगळं घर त्या वासानं भरलं होतं. मग नव्या फडक्यात बांधून शिंक्यात ठेवलास, आणि मला म्हणालीस, "हात लावू नको रे, देवाचं आहे," आणि हसलीस, कारण मी लहानपणी लावायचो. मी भट्टीवरून दोन दिवसांपूर्वीच आलो होतो. मधल्या घरात, शिंक्याच्या खालीच माझं अंथरूण होतं.

जाग आली तेव्हा मी उभा होतो. फडकं सुटलेलं, तोंडात चुरमा, बोटांना तूप. शपथेवर सांगतो, पहिला घास मी झोपेत घेतला.

दुसरा जागेपणी. मला कळत होतं ते काय आहे. कळत असताना हात आत गेला. तिसराही तसाच. किती घेतले ते माहीत नाही, पण हळूहळू खाल्ले, चव घेत. मग तळहातानं वरचा थर सारखा केला, खोबरं पसरलं, आणि गाठ मारली. गोणीला मारतात तशी गाठ, मला तीच येते. सकाळी देवळात ती तुला सुटेना. तू म्हणालीस, "किती घट्ट बसली रे," आणि मी पुढे होऊन एका झटक्यात सोडली.

मग तीन वाटे झाले. देवाचा, ब्राह्मणांचा, घरचा. उष्टा नैवेद्य देवापुढे गेला आणि मी हात जोडून उभा होतो. तू तुझा वाटा खाल्लास तेव्हा डोळे मिटले होतेस. सतरा सोमवारांनी पहिल्यांदा तुझा चेहरा मऊ झालेला पाहिला. मला तेव्हा सांगता आलं असतं. तिथेच, गाडीत, घरी आल्यावर. मी त्याच संध्याकाळी नाशिकला पळालो.

आणि बाळ गेल्याचं कळलं तेव्हा मी आलो नाही. स्मशानात दादाला एकट्यालाच जावं लागलं.

दिवा विझला नव्हता. तू पाणी प्याली नव्हतीस. कुणी शिवलं नव्हतं. शोधायची थांब. सापडलं. ते मी होतो.

आता गुरुवार सोड, चतुर्थी सोड, एकादशी सोड, सगळं सोड आणि जेव. मला हवं ते म्हण. दादाला सांगायचं तर सांग. तो काठी घेऊन आला तर मी भट्टीसमोरच असतो, दुपारी झोपलेला.

गोरख


नाशिक, ता. १२ डिसेंबर १९३६

वाल्मीकभाऊ,

हे पत्र तुम्हालाच आहे. पाकिटात दुसरा कागद आहे तो वहिनीचा. हा तिला दाखवू नका.

तुमची दोन्ही कार्डं एकाच टपालात आली आणि मी आधीचं आधी वाचलं, त्यामुळे अर्धा तास मी या जगातला सगळ्यात सुखी माणूस होतो. तुम्ही लिहिलंत की तिनं सगळं ऐकून घेतलं, 'दुसरा जागेपणी' एवढं तुमच्याकडून पुन्हा वाचून घेतलं, आणि मग बराच वेळ जात्याच्या खुंट्याशी खेळत राहिली. शेवटी म्हणाली, "मंजी माझं नव्हतं चुकलं." आणि उठून भाकरी थापली. दोन खाल्ल्या. गुरुवार सुटला, चतुर्थी सुटली. त्या गुरुवारी दादा शेतातून आला तर ती जेवत बसलेली, आणि तो समोर बसून तिला बघत राहिला. हे मी खातूनबीला वाचून दाखवलं. तिला मराठी सगळं कळत नाही, पण तिनं डोळे पुसले. खाजाभाईंनी त्या दिवशीच्या पावाची एक लादी गल्लीत फुकट वाटली.

मग दुसरं कार्ड.

भाऊ, तुम्ही तिला थांबवलं का नाहीत? मला माहीत आहे, तुमच्यानं झालं नसेल. मी फक्त विचारतो. तिनं उठून पुन्हा सोळा सोमवार धरले आणि या वेळी पाणीसुद्धा नाही, उजेडापासून अंधारापर्यंत. पोरासाठी नाही. तुम्ही तिचे शब्द लिहिलेत, "माझ्या गोरखची रातची भूक जाऊ दे. पोर सात वर्षांचं असल्यापासून माझ्या ताटात जेवलं. माझ्याच घरात ते उपाशी उठलं आन् मला जाग नाय आली." भागीबाईनं तुमच्यासमोर कपाळाला हात लावला. आणि ती रोज विचारते, गोरखचं कार्ड आलं का, झोपतो का तो.

म्हणजे माझ्या खाण्यासाठी ती उपाशी आहे. मी हे कागदावर लिहून पुन्हा वाचलं तरी मला नीट कळत नाही.

या सोमवारी मीही ठरवलं, ती खात नाही तर मीही नाही. दिवसभर सहज जमलं. दिवसा मला भूक नसतेच, त्यात काय मोठेपणा. रात्री पीठ मळताना मी तिचं नाव घेत होतो. एक वाजला, ठीक. दोनचे टोले पडले. मी हात मागे बांधून भिंतीकडे तोंड करून बसलो. खाजाभाईंनी ते पाहिलं आणि भट्टीत लाकडं सारायला गेले, मुद्दामच गेले. परत आले तेव्हा माझ्या पुढ्यातल्या ताटात नानकटाईचा चुरा होता. अकरा खाल्ल्या होत्या. मी मोजल्या नाहीत, त्यांनी मोजल्या, गिऱ्हाइकाच्या होत्या. रागावले नाहीत. डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "छोड, तेरे बस का नहीं है."

खरंच नाही, भाऊ. डॉक्टर म्हणतात उन्हात राहा. उन्हातल्या कामात राहून पाहिलं. तुम्ही म्हणाल इच्छा धर. माझी इच्छा रात्री दीड वाजेपर्यंत पक्की असते.

ती सोळा करील, भाऊ, आणि मी बरा झालो नाही असं दिसलं की सतरावा करील. तुम्ही तिला ओळखता. दिलेला शब्द ती खाली ठेवत नाही. मग मी सगळं आयुष्य बरा व्हायचा प्रयत्न करत बसेन आणि ती सगळं आयुष्य उपाशी बसेल.

म्हणून दुसऱ्या कागदावर मी खोटं लिहिलं आहे. एकदा खरं लिहून बघितलं, त्याचं काय झालं ते तुम्ही पाहताच. हे पत्र सोमवारी तुमच्या हातात पडेल अशा बेतानं टाकतोय. दुपारच्या आत वाचून दाखवा. तुम्ही मास्तर आहात, खोटं वाचताना तुमचा आवाज अडखळेल, तर आधी शाळेत एकट्यानं दोनदा वाचून जा. तिनं विचारलं, "अक्षर गोरखचंच ना," तर हो म्हणा, ते खरं आहे.

यानंतर मला गावी येता येणार नाही, हे माझ्या ध्यानात आहे. एक रात्र तिच्या घरात राहिलो की सगळं उघडं पडेल. दादा म्हणेल, भाऊ नाशिकची हवा लागून माजला. म्हणू दे. पुढच्या वर्षी, त्याच्या पुढच्या वर्षी ती बोलावील, तेव्हा काय कारणं द्यायची ती तुम्हीच सुचवा, तुमचं मराठी चांगलं आहे.

तुमचा
गोरक्ष


वहिनी,

तुझा एकच सोमवार झाला आणि गुण आला. मंगळवारी रात्री नऊला पडलो तो एकदम उजाडल्यावर उठलो, अंगावर ऊन आलं तेव्हा. मला आधी वाटलं मी आजारी आहे. बुधवारी तसंच, गुरुवारी तसंच. मधे जागच नाही. टोले पडतात की नाही तेसुद्धा मला माहीत नाही. सकाळी भूक लागते, सगळ्या जगाला लागते तशी, आणि भाकरी गोड लागते. खाजाभाईंनी मला दिवसाच्या कामावर घेतलंय, मी आता टोपली घेऊन पाव विकायला हिंडतो. पोट उतरलंय. तू पाहिलंस तर ओळखणार नाहीस.

इथल्या गुरवाला मी विचारून आलो. तो म्हणाला, मागितलेलं मिळालं की पुढचे सोमवार करायचे नसतात, केले तर देवाला वाटतं हिचा विश्वास नाही. तेव्हा आता थांब.

काम नवीन आहे, म्हणून इतक्यात येणं होणार नाही. दादाला नमस्कार.

वाल्मीकभाऊ हे वाचतायत तेव्हा सोमवारची दुपार असेल. वाचून झालं की आत जा, पाणी पी, आणि जेव. आधी थोडं खा, एकदम नको. मग भाऊंना एका ओळीचं कार्ड टाकायला सांग. दुसरं काही लिहू नका. 'जेवले' एवढंच.

गोरख